विषय सोडून बोलणारी शिक्षिका

गेल्या मे महिन्यांत परिचारिका-दिनाच्या एका समारंभास हजर राहण्याचा योग आम्हांस आला. समारंभ नेहमींच्याच थाटाचा होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंच्या तसबिरीस हार, दीपप्रज्वलन, शुभ्र गणवेषांतील विद्यार्थिनींनीं हातांत मेणबत्त्या धरून घेतलेली शपथ, आणि मग अध्यक्षांपासून पाहुण्यांपर्यंत प्रत्येकाच्या तोंडीं एकच शब्द : देवदूत. परिचारिका म्हणजे त्याग, परिचारिका म्हणजे वात्सल्य, परिचारिका म्हणजे स्वत: जळून दुसऱ्यास प्रकाश देणारी ज्योत, अशीं विशेषणें सुमारें दीड तास त्या सभागृहांत फुलांसारखीं उधळलीं जात होतीं. शेवटीं आभार मानण्याचें काम त्या विद्यालयांतील एका वयस्क शिक्षिकेकडे होतें. बाईंनीं रीतसर आभार मानले; आणि हातांतल्या कागदाची घडी करून त्या म्हणाल्या कीं, ज्या मुलींनीं आतां शपथ घेतली त्यांपैकीं कित्येकजणी रात्रभर वॉर्डांत जागून तशाच येथें येऊन उभ्या आहेत; त्यांतल्या एकीस दोन महिन्यांपासून झोप नाहीं, पण तें सांगण्याची तिला भीति वाटते, कारण सांगितल्यास 'ही या कामाच्या लायकीची नाहीं' असा शेरा पडतो; आणि येथल्याच वॉर्डांत, एकाच पाळींत, एकच काम करणाऱ्या दोन परिचारिकांपैकीं एकीस दुसरीच्या निम्मेंहि वेतन मिळत नाहीं, कारण एक कायम आहे व दुसरी कंत्राटावर आहे; पाहुण्यांनीं याचाहि विचार करावा. इतकें बोलणें होतें न होतें तोंच व्यासपीठावरून एक चिठ्ठी त्यांच्या हातीं आली आणि बाई खालीं बसल्या. चिठ्ठींत काय होतें तें त्यांनींच नंतर आम्हांस दाखविलें : 'विषयास धरून बोलावें.'

या चिठ्ठीशीं आम्हांस भांडावयाचें आहे. ती लिहिणारे गृहस्थ सज्जन आहेत. परिचारिकांविषयींचा त्यांचा आदर ढोंगी आहे असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. उलट तो खरा आहे म्हणूनच भांडण करणें अगत्याचें आहे. ढोंग्याचें ढोंग उघडें पाडलें कीं काम भागतें. पण जो मनापासून मखर सजवितो आणि मखरांतल्या मूर्तीनें तोंड उघडतांच अस्वस्थ होतो, त्याच्याशीं युक्तिवाद केल्यावांचून गत्यंतर नाहीं. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, परिचर्या शिकविणाऱ्या बाईचा विषय म्हणजे बिछाना कसा घालावा, ताप कसा पाहावा, जखम कशी बांधावी, सुई कशी टोंचावी, नोंदवहींत काय लिहावें. मनाचा विषय मानसोपचारतज्ज्ञाचा. समतेचा विषय पुढाऱ्यांचा. शिक्षिकेनें आपल्या कुंपणांत राहावें. हें म्हणणें दिसावयास किती समंजस आहे! आणि तरीहि तें, आमच्या मतें, परिचर्येच्या इतिहासाविषयींच्या निव्वळ अज्ञानावर उभें आहे.

ज्या बाईंच्या तसबिरीस त्या दिवशीं हार घातला, त्यांचेंच उदाहरण प्रथम घेऊं. क्रिमियाच्या युद्धांत स्कुटारीच्या इस्पितळांतून रात्रीं दिवा घेऊन फिरणारी सोज्ज्वळ मूर्ति, एवढीच नाइटिंगेल आमच्या शाळांच्या भिंतींवर उरली आहे. तो दिवा त्यांच्या हातीं दोन वर्षेंहि नव्हता. लेखणी मात्र त्यानंतर चाळीस वर्षें होती. सैनिक शत्रूच्या गोळीपेक्षां घाणीनें व रोगानें अधिक मरतात हें त्यांनीं आंकड्यांनीं दाखविलें, लष्करी खात्याशीं वर्षानुवर्षें झगडा मांडला, आणि १८५८ सालीं लंडनच्या संख्याशास्त्र-मंडळानें त्यांस सभासद करून घेतलें. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. १८६० सालीं सेंट टॉमस इस्पितळांत त्यांच्या नांवानें परिचारिकांची शाळा निघाली. हिंदुस्थानांत पाऊलहि न टाकतां येथील छावण्यांचें आरोग्य, दुष्काळ, पाटबंधारे आणि रयतेची दैना यांवर त्या लिहीत राहिल्या. (साम्राज्याविषयींचीं त्यांचीं सारीं मतें आम्हांस मान्य आहेत असें नाहीं, पण तो वाद वेगळा.) पाटबंधाऱ्यांवर लिहिणारी परिचारिका! त्या दिवशीं ही बाई व्यासपीठावर असती तर चिठ्ठी तिलाहि गेली असती.

पण नाइटिंगेल बाईंचें नांव सर्वांस ठाऊक आहे. दुसरें एक नांव आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल, आणि वादाचा खरा मुद्दा तेथेंच आहे. हें नांव हिल्डेगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन शिक्षिकेचें. पेन्सिल्व्हानिया प्रांतांतील रेडिंग या गांवीं १९०९ सालीं त्यांचा जन्म झाला. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या सांथींत, त्या नऊ वर्षांच्या असतांना, तापाच्या भ्रमांत माणसें कशीं वागतात हें त्यांनीं जवळून पाहिलें, आणि तें दृश्य त्यांच्या मनांतून कधीं गेलें नाहीं. १९३१ सालीं त्या पॉट्सटाउन येथील इस्पितळाच्या शाळेंतून परिचारिका होऊन बाहेर पडल्या. पुढें बेनिंग्टन महाविद्यालयांत मानसशास्त्राची पदवी १९४३ सालीं घेतली. महायुद्धांत इंग्लंडमधील लष्करी मनोरुग्णालयांत काम केलें. आणि युद्धानंतर कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजांत शिकून तेथेंच शिकवूं लागल्या. परिचारिका आणि रोगी यांच्यांतील संबंधांवर त्यांनीं लिहिलेल्या ग्रंथाचें हस्तलिखित १९४८ च्या सुमारासच तयार होतें. तें छापून निघावयास १९५२ साल उजाडलें. कारण काय? एका परिचारिकेनें एकटीनें असा ग्रंथ लिहावा आणि मुखपृष्ठावर सहलेखक म्हणून एकाहि डॉक्टराचें नांव नसावें, हें त्या काळीं फारच धाडसाचें मानलें गेलें. चिठ्ठ्या पाठविणारे लोक तेथेंहि होते, हें वाचून आमच्या शिक्षिकाबाईंस थोडें समाधान वाटेल.

या ग्रंथांत होतें तरी काय? कोणतीहि परिचारिका पहिल्या दिवशीं रोग्यास परकी असते, येथून पेप्लाऊ बाई आरंभ करतात. परकेपणापासून विश्वासापर्यंत आणि विश्वासापासून रोग्याच्या स्वावलंबनापर्यंत जो प्रवास होतो, तोच मुळीं परिचर्येचा गाभा आहे. औषध आणि पट्टी हीं त्या प्रवासांतील साधनें आहेत. या प्रवासांत परिचारिकेस कधीं शिक्षिका, कधीं सल्लागार, कधीं रोग्याच्या आईच्या वा बहिणीच्या जागीं उभी राहणारी व्यक्ति व्हावें लागतें. आणि सर्वांत महत्त्वाचा विचार चिंतेविषयींचा. किंचित् चिंता माणसास सावध करते. ती वाढली कीं लक्ष आकुंचित होतें. आणखी वाढली कीं माणूस एखाद्याच क्षुल्लक तपशिलास चिकटून बसतो. आणि भीतीनें पुरता ग्रासलेला माणूस तर कांहींच ऐकूं शकत नाहीं, शिकणें दूरच. शिवाय ही चिंता एका मनांतून दुसऱ्या मनांत शब्दांवांचून जाते. हा शेवटचा विचार त्यांनीं हॅरी स्टॅक सलिव्हन या मनोवैद्याकडून घेतला; पण तो रोग्याच्या उशाशीं नेऊन बसविला तो या शिक्षिकेनें.

१९५४ पासून वीस वर्षें त्या रटगर्स विद्यापीठांत होत्या, आणि मनोरुग्णांच्या परिचर्येचें उच्च शिक्षण परिचारिकांस देणारा पहिला अभ्यासक्रम त्यांनीं तेथें उभा केला. तो काळ ध्यानांत घ्यावा. १९५५ च्या सुमारास अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपांच लाखांवर माणसें कोंडलेलीं होतीं, आणि तेथें परिचारिकेचें काम म्हणजे बव्हंशीं किल्ल्या सांभाळणें व डोकीं मोजणें. पेप्लाऊ बाईंनीं आपल्या विद्यार्थिनींस एकेका रोग्यापाशीं नियमानें बसविलें. बोलणें संपतांच रोगी काय बोलला आणि आपण काय बोललों हें शब्दश: लिहून काढावयाचें, आणि तें शिक्षिकेपुढें ठेवावयाचें. मग दोघींनीं मिळून पाहावयाचें कीं, रोग्यास सांगावयाचें होतें तें त्यास सांगूं दिलें काय. आणि कोठें आपणच घाबरून विषय बदलला. वाचकहो, विषय बदलणें हें घाबरल्याचें लक्षण आहे, ही गोष्ट त्या विद्यार्थिनी पहिल्या वर्षीं शिकत. आमच्या व्यासपीठावरील थोरांस ती अजून शिकावयाची आहे.

आतां या विचाराचा परिणाम काय होतो तो पाहा. चिंता जर बोलल्यावांचून एका मनांतून दुसऱ्यांत जात असेल, तर जी शाळा भीति दाखवून शिकविते ती शाळा रोग्याच्या खाटेपर्यंत भीति पोंचविते. मेट्रन विद्यार्थिनीस चारचौघांत पाणउतारा करून बोलली, डॉक्टरांनीं राउंडच्या वेळीं तिच्या अंगावर फाइल टाकली, वसतिगृहाच्या दारांत उशीर झाला म्हणून तिच्या घरीं फोन गेला. आणि मग ती मुलगी उद्यां शस्त्रक्रिया होणार असलेल्या म्हाताऱ्याजवळ जाऊन 'आजोबा, घाबरूं नका' म्हणते. शब्द धीराचे आणि हात थरथरणारे. म्हातारा हातावर विश्वास ठेवतो. म्हणून समता आणि मन हे आमच्या शिक्षिकेनें आगंतुक आणलेले दोन विषय नव्हेत. ते बिछाना घालण्याइतकेच, नव्हे त्याहूनहि अधिक, तिचेच विषय आहेत. आणि ते दोन नसून एक आहेत. जिला कोणी माणूस म्हणून वागविलें नाहीं, तिनें रोग्यास माणूस म्हणून वागवावें अशी अपेक्षा करणें म्हणजे आडांत नाहीं तें पोहऱ्यांत शोधणें होय.

येथें शिस्तीचा मुद्दा निघेल, आणि तो आम्ही हलका मानीत नाहीं. इस्पितळ म्हणजे वादसभा नव्हे. प्राणांशीं गांठ असते. हुकूम झाला कीं तो तत्काळ पाळला गेला पाहिजे. असें अनुभवी डॉक्टर आम्हांस सांगतात, आणि अतिदक्षता विभागांत एक रात्र बसलेला कोणीहि त्यांचें म्हणणें धुडकावून लावणार नाहीं. परंतु शिस्त आणि धाक यांत अंतर आहे. एक साधा प्रसंग कल्पावा. रात्रीचे तीन वाजले आहेत. थकलेल्या डॉक्टराच्या हातून औषधाची मात्रा लिहितांना दशांश-चिन्ह सुटलें आणि अर्ध्या मिलिग्रामचे पांच मिलिग्राम झाले. ड्यूटीवरील परिचारिका नवी आहे, पण तिनें अभ्यास केला आहे. हें कांहीं तरी चुकलें आहे असें तिला वाटतें. शिस्तींत वाढलेली परिचारिका डॉक्टरांस उठवून विचारील. धाकांत वाढलेली परिचारिका मागच्या वेळीं विचारलें तेव्हां काय झालें तें आठवील, आणि सुई भरील. त्या रात्रीं रोग्यास वांचविणारी गोष्ट कोणती? आज्ञापालन कीं 'विचारणें'? ज्यांस आज्ञापालन हाच परिचर्येचा पहिला धडा वाटतो त्यांनीं स्वत: त्या खाटेवर पडून या प्रश्नाचें उत्तर द्यावें.

समतेचा प्रश्न परिचारिकांच्या शिक्षिकांनीं उचलला याचेंहि उदाहरण त्याच अमेरिकेंत सांपडतें. एस्टेल मॅसी ऑस्बॉर्न या काळ्या वर्णाच्या परिचारिकेनें १९३१ सालीं कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजांत एम. ए. ची पदवी मिळविली. तोंवर त्यांच्या वर्णाच्या कोणाहि परिचारिकेस अशी पदवी मिळालेली नव्हती. पुढें त्या न्यूयॉर्क विद्यापीठांत अध्यापिका झाल्या. १९३४ ते १९३९ या काळांत काळ्या परिचारिकांच्या राष्ट्रीय संघाच्या त्या अध्यक्ष होत्या, आणि मेबल स्टॉपर्स या त्यांच्या सहकारी. महायुद्धाच्या तोंडावर, १९४१ सालीं, अमेरिकन लष्करानें काळ्या परिचारिकांसाठीं सबंध सैन्यांत छप्पन जागा ठेवल्या. छप्पन! पुढें ज्या घेतल्या त्यांपैकीं कांहींजणींस युद्धकैदी म्हणून आणलेल्या जर्मन सैनिकांच्या शुश्रूषेस लावण्यांत आलें. स्वदेशाच्या गोऱ्या शिपायापेक्षां शत्रूच्या शिपायास त्यांचा स्पर्श कमी बाधेल असा कांहीं हिशेब असावा. जानेवारी १९४५ मध्यें परिचारिका अपुऱ्या पडतात म्हणून त्यांची सक्तीनें भरती करण्याची सूचना राष्ट्राध्यक्षांनीं केली. तेव्हां स्टॉपर्स बाईंनीं जाहीर प्रश्न टाकला कीं, ज्या आपण होऊन दारांत उभ्या आहेत त्यांस आंत कां घेत नाहीं? त्याच महिन्यांत ती मर्यादा उठली. १९४८ मध्यें अमेरिकन परिचारिकांच्या मुख्य संघानें त्यांना दारें उघडलीं, आणि १९५१ सालीं काळ्या परिचारिकांनीं आपला वेगळा संघ काम संपलें म्हणून विसर्जित केला. 'विषयास धरून' बोलल्या असत्या तर हें झालें असतें काय?

अमेरिकेंत जें वर्णानें केलें तें आमच्याकडे जातीनें आणि सोंवळ्यानें केलें. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालांत असें नमूद आहे कीं, या देशांत दर ६,३०० माणसांमागें एक डॉक्टर होता, आणि परिचारिका दर ४३,००० माणसांमागें एक. जगांतील इतर देशांत परिचारिका डॉक्टरांहून कितीतरी अधिक असतात. आमच्याकडे उलटें कां? कारण परक्याचा मळ काढणें, परपुरुषाच्या अंगास हात लावणें, रात्रीं घराबाहेर राहणें, हीं कामें 'घरंदाज' स्त्रीचीं नव्हेत असा आमचा ठाम समज होता. रोग्याची सेवा हें पुण्य. पण ती पगार घेऊन करणारी बाई मात्र संशयास्पद! हा समज मोडण्यासाठीं रमाबाई रानडे यांनीं पुण्याच्या सेवासदनांतून बायकांस ससून रुग्णालयांत शिकावयास पाठविलें, तेव्हां त्यांस काय काय ऐकून घ्यावें लागलें असेल याची कल्पना ज्यांनीं जुनें पुणें ऐकून तरी जाणलें आहे त्यांस सहज करतां येईल. आणि त्याच्याहि अगोदर, १८९७ च्या प्लेगांत, सावित्रीबाई फुले मुंढव्याहून एका अस्पृश्य मुलास पाठीवर घालून यशवंतरावांच्या दवाखान्यांत घेऊन आल्या, आणि त्याच रोगानें १० मार्च रोजीं वारल्या. ही गोष्ट आमच्या शाळांत त्यागाची म्हणून सांगतात. पण त्या मुलास दुसऱ्या कोणीं कां उचललें नाहीं, हा प्रश्न शाळेंत विचारला जातो काय? सावित्रीबाई शिक्षिका होत्या, समतेच्या पुरस्कर्त्या होत्या, आणि रोग्यास पाठीवर घेणाऱ्या होत्या. या तीन वेगळ्या स्त्रिया नव्हत्या.

आतां पगाराकडे येऊं, कारण देवदूत हा शब्द सर्वांत अधिक उपयोगीं पडतो तो येथेंच. देवदूतास कोणी पगार विचारीत नाहीं. जानेवारी २०१६ मध्यें खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या स्थितीविषयीं सर्वोच्च न्यायालयानें केंद्र सरकारास समिती नेमावयास सांगितलें. त्या समितीनें शिफारस केली कीं, दोनशेंहून अधिक खाटांच्या रुग्णालयांनीं राज्य सरकारच्या परिचारिकांइतकें वेतन द्यावें, आणि पन्नासांहून कमी खाटांच्या ठिकाणींहि तें मासिक २०,००० रुपयांच्या खालीं नसावें. अंमलबजावणी राज्यांवर सोंपविली गेली, आणि राज्यांनीं ती बहुतांशीं काळावर सोंपविली. याच्या उलट फुलें मात्र वेळेवर पडलीं. २२ मार्च २०२० रोजीं आम्ही सर्वांनीं गच्चींत उभें राहून थाळ्या वाजविल्या. ३ मे रोजीं वायुदलाच्या हेलिकॉप्टरांनीं रुग्णालयांवर पुष्पवृष्टि केली. तें वर्ष जागतिक आरोग्य संघटनेनें परिचारिकांचें म्हणून जाहीर केलें होतें, नाइटिंगेल बाईंच्या जन्मास दोनशें वर्षें झालीं म्हणून. आणि त्याच मे महिन्यांत दीडशेंहून अधिक मणिपुरी परिचारिका कोलकात्याचीं रुग्णालयें सोडून आपल्या गांवीं परत गेल्या. त्यांच्या चेहऱ्यामोहऱ्यावरून रस्त्यांत होणारा अपमान हें त्यांनीं सांगितलेल्या कारणांपैकीं एक होतें. घरमालकांनीं जागा खालीं करावयास सांगितलेल्या परिचारिका तर गांवोगांव होत्या. थाळी वाजविणारा हात आणि दार लावणारा हात पुष्कळदां एकच होता, हें आम्हीं आपलें आपणांशीं तरी कबूल करावें.

मुंबईकर वाचकांस अरुणा शानभाग हें नांव सांगावयास नको. २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं के. ई. एम. रुग्णालयांतील या तरुण परिचारिकेवर तेथीलच एका सफाई कामगारानें हल्ला केला, आणि पुढें १८ मे २०१५ पर्यंत ती त्याच रुग्णालयाच्या खाटेवर अचेतनप्राय पडून होती. चाळीस वर्षांहून अधिक काळ परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनीं तिला न्हाऊं घातलें, भरविलें, कुशीवर वळविलें. तिच्या अंगास बिछान्याचा व्रण होऊं दिला नाहीं. २०११ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें त्यांची मुक्तकंठानें प्रशंसा केली, आणि ती योग्यच होती. असें उदाहरण जगांत क्वचितच सांपडेल. पण आम्हांस नेहमीं एक गोष्ट सलते. ज्या मुली एकविसाव्या बाविसाव्या वर्षीं त्या रुग्णालयांत कामावर लागत, त्यांस रोज त्या खोलीवरून जावें लागे. आपल्याच गणवेषांतील एक बाई, आपल्याच कामाच्या जागीं, कामावर असतांना अशी झाली, हें रोज पाहून त्यांच्या मनावर काय होत असेल, हें कोणीं त्यांना विचारलें होतें काय? त्यांच्या हातांची प्रशंसा झाली. मनाची चौकशी झाली असल्यास आमच्या वाचनांत आलेली नाहीं.

आणि ही उपेक्षा आजहि सरकारी कागदांत दिसते. २०२४ सालीं राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिगटानें वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मन:स्वास्थ्याविषयीं अहवाल दिला. पंचवीस हजारांवर पदवीपूर्व विद्यार्थ्यांनीं उत्तरें दिलीं, त्यांपैकीं २७.८ टक्के मुलांनीं आपणांस मानसिक विकार असल्याचें सांगितलें. आंकडा भयंकर आहे, आणि तो मोजला गेला ही चांगली गोष्ट झाली. पण त्याच इमारतींत, त्याच रात्रपाळींत, त्याच मरणांच्या साक्षीनें वाढणाऱ्या परिचारिका-विद्यार्थिनी त्या मोजणींत नाहींत. तो आयोग डॉक्टरांचा. ज्यांची मोजदाद नाहीं त्यांचें दु:खहि नाहीं, असा हा जमाखर्च आहे. कायदा मात्र याहून शहाणा निघाला. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यांत अमलांत आला; त्यांतील एकविसावें कलम सांगतें कीं, मनाच्या रोग्यास आरोग्यसेवेच्या बाबतींत शरीराच्या रोग्याच्या बरोबरीनें वागविलें पाहिजे. समता आणि मन एकाच कलमांत! तें कलम लिहिणारांसहि चिठ्ठी पाठवावयास हवी होती. ठाणें, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांत हें कलम रोजच्या व्यवहारांत उतरवावयाचें कोणीं? डॉक्टर तेथें राउंडपुरते येतात. आठहि प्रहर असते ती परिचारिका. तिला जर शिकतांनाच कळलें असेल कीं, झोप येत नाहीं असें म्हटल्यास शेरा पडतो, तर वेडाच्या नुसत्या नांवानें शरमणारा रोगी तिच्यापाशीं तोंड कसें उघडील?

'सेवा हें व्रत आहे, हक्कांची भाषा तेथें शोभत नाहीं' हा शेवटचा आक्षेप उरला. यावर आम्ही फार शब्द खर्च करणार नाहीं. व्रत हें ज्याचें त्यानें घ्यावयाचें असतें. दुसऱ्यानें लादलेल्या आणि तिसऱ्याच्या नफ्याच्या वहींत जमा होणाऱ्या व्रतास मराठींत वेगळा शब्द आहे, तो वेठ.

त्या समारंभानंतर बाईंनीं संस्थेच्या चालकांस एक पत्र लिहिलें. त्याची प्रत आमच्यापुढें आहे. मागणीं मोठीं नाहींत. रात्रपाळी करून आलेल्या मुलीस दुसऱ्या दिवशीं तासास बसवूं नये. मुलींस बोलावयास एक समुपदेशक असावी, आणि ती संस्थेच्या नोकरींतली नसावी, म्हणजे बोललेलें शेऱ्याच्या वहींत जाणार नाहीं. दरवर्षीं सर्व विद्यार्थिनींस नांव न लिहितां प्रश्न विचारावे आणि आलेलीं उत्तरें चालकांनीं स्वत: वाचावीं. कंत्राटी परिचारिकांच्या वेतनाचा विचार २०१६ च्या समितीच्या शिफारशी समोर ठेवून व्हावा. आणि पुढील १२ मे रोजीं व्यासपीठावर एक खुर्ची शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनीसाठीं ठेवून तिला दहा मिनिटें बोलूं द्यावें, विषय तिचा तिनें ठरवावा. पत्र जाऊन आतां बरेच दिवस झाले. चालकांकडून उत्तर आल्यास आम्ही तें याच पृष्ठांत, एकहि शब्द न गाळतां, छापूं.